केतकी की पिस्ता

म्हैसूरच्या रंगाच्या दुकानात मराठीत पुटपुटलेलं कुणाला कळत नाही, असा कावेरीचा समज होता. त्या समजावर तिनं आजवर बऱ्याच दुकानदारांचा उद्धार केला होता आणि कधी काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशीही तिनं अस्तराच्या कापडाचे दोन तुकडे टाचणीनं जोडून काउंटरवर ठेवले. एक केतकी, म्हणजे केवड्याच्या पातीचा फिकट पिवळा. दुसरा पिस्ता. खोलीसाठी यातला एखादा रंग करून हवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. दुकानदारानं तुकडे बाजूला सारले आणि कंपनीचं रंगांचं कार्ड पुढे केलं. अक्का, यातून निवडा, असं तो कन्नडमध्ये म्हणाला.

कावेरीनं कार्ड पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "नखाएवढ्या चौकोनावरून म्हणे घर रंगवायचं. अक्कल गहाण टाकलीय मेल्यानं."

"आणि अस्तरावरून रंगवायचं असतं का?"

आवाज शेजारून आला होता आणि चक्क मराठीत आला होता. कावेरीचे कान तापले. बाजूला एक उंच, सावळा माणूस उभा होता. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, हातात फाटकाच्या काळ्या रंगाचा डबा. चेहरा अगदी गंभीर होता, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"तुम्हाला... मराठी येतं?" तिनं विचारलं. प्रश्न किती खुळा आहे, ते विचारून झाल्यावर तिला कळलं.

"सुम्ने... आपलं उगीच थोडंसं," तो म्हणाला. "मेल्यानं वगैरे कळण्याइतपत."

त्याचं नाव मल्हारराव जगताप. म्हैसूरकडच्या मराठा घराण्यांत राव हे नावातच असतं, पाळण्यातलं पोरसुद्धा राव, त्यामुळे बिचकायचं कारण नाही. घर नंजनगूडला, नोकरी म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या कारखान्यात. रोज गाडीनं म्हैसूरला यायचं, तिथून बस, आणि संध्याकाळी पुन्हा तेच उलटं. आमचे पणजोबा म्हैसूरच्या राजाच्या फौजेत घोडा घेऊन आले, असं आई सांगते, तो म्हणाला. घोड्याचं पुढं काय झालं, ते मात्र सांगत नाही. कावेरी म्हणाली, आमचे सुईदोरा घेऊन आले, आणि तो अजून आहे.

मग रंग कशाला हवा आहे, हे निघालं. जयलक्ष्मीपुरमच्या घरातली पुढची खोली भाड्यानं द्यायची होती. भाडेकरू मिळाला का, असं त्यानं विचारलं, तर कावेरी म्हणाली, आधी रंग तर मिळू दे. त्यानं हातातला डबा काउंटरवर ठेवला, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या दोन तुकड्यांकडे. गाडीच्या येण्याजाण्यात जीव मेटाकुटीला येतो, म्हणून हेब्बाळच्या आसपास खोली मीही शोधतोच आहे, असं तो म्हणाला. आता हे खरं किती आणि तिथल्या तिथं सुचलेलं किती, देव जाणे. कावेरीनं पत्ता सांगितला.

तिच्या घराचं सांगायला हवं. वडील विठ्ठलराव, म्हणजे अप्पा, शिवणकामातले. हात असा की त्यांनी शिवलेल्या कोटाची शिवण शोधावी लागायची. मग अर्धांगानं त्यांची उजवी बाजू गेली, आणि कावेरीची लग्नाच्या वयाची वर्षं त्यांच्या उशापायथ्याशी गेली. मागच्या खोलीत मशीन चालवायचं, ब्लाउज शिवायचे, मधे उठून अप्पांची कूस बदलायची. तिनं कधी कुरकुर केली नाही आणि कुणी तिला विचारलंही नाही. गेल्या वर्षी अप्पा गेले. माणूस गेलं की घर सुनं होतं, हे तिनं ऐकलं होतं. भाषाही त्याच्याबरोबर जाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ रंगनाथ बंगळूरला, त्याच्या घरी बायकोशी कन्नड, मुलांशी इंग्रजी. गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी. शेजारच्या अंबूताईंशी मराठी बोलायची, पण त्यांचं निम्मं बोलणं विठ्ठलाच्या देवळातल्या भजनाचं आणि उरलेलं गुडघ्यांचं. अप्पांशी होत असे तशी कशाचीच नसलेली बडबड आता कुणाशी व्हायची नाही. कधीकधी कावेरी मशीनशी बोलायची. एकदा तिनं दूध उतू गेलेलं पाहून "अप्पा, बघा ना," असं म्हटलं आणि मग बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिली.

रंगनाथनं फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं. दिवाळीच्या आत खोलीला भाडेकरू बघ, नाहीतर घर बंद कर आणि बंगळूरला ये. एकटी बाई किती दिवस राहणार? इथं मुलांनाही कुणी हवंच आहे. त्याच्या बोलण्यात माया नव्हती असं नाही, पण मुलांना सांभाळायला बाई मिळत नव्हती, हेही खरं. कावेरीला जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भाड्याशीही तिला फार घेणं नव्हतं. दारात आणखी कुणाच्या तरी चपला दिसाव्यात, भिंतीपलीकडे कुणी खोकावं, एवढीच तिची हाव होती.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर मल्हारराव आला. अंबूताई नेहमीप्रमाणे कावेरीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी त्याला आडनाव विचारलं, गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं आणि मगच आत सोडलं. पेंटरनं तुकड्यांबरहुकूम दोन्ही रंग कालवून भिंतीवर त्यांचे पट्टे शेजारी शेजारी ओढून ठेवले होते, दाराच्या रुंदीचे. कावेरीनं दिवा लावला. कुठला, असं विचारलं. मल्हाररावानं एक पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला.

"दोन्ही बरे आहेत," तो म्हणाला.

असं बोलणारं गिऱ्हाईक कावेरीच्या ओळखीचं होतं. अप्पांची शिकवण अशी की, कापड गाठोड्यात बघायचं नाही, माणसाच्या खांद्यावर टाकून बघायचं. ज्याला नेसायचंय, ल्यायचंय, त्याच्या तोंडावर रंग काय करतो ते महत्त्वाचं. तिच्या हाताला तेवढंच ठाऊक होतं, त्यामुळे तिनं जे केलं त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

"उभे राहा बघू," ती म्हणाली. "असे, पिस्त्यापाशी. टेकू नका, ओला असेल."

तो उभा राहिला. ती चार पावलं मागे सरली, मान कलती केली आणि एक डोळा बारीक केला.

"अहो, भिंत काय मला अंगावर घालायचीय?"

"राहणार तुम्ही. तोंड तुमचं दिसणार."

"कुणाला?"

"आरशाला," कावेरी म्हणाली, आणि त्याला केतकीकडे सरकायची खूण केली.

पिस्त्यापुढे तो दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा दिसत होता. केतकीपुढे आला आणि... काय झालं कोण जाणे. दिवसभराचा शीण डोळ्यांखालून उतरला. सावळ्या रंगाला आतून उजेड आला. तो घरी आल्यासारखा दिसायला लागला. कावेरी बघत राहिली, जरा जास्तच वेळ. गिऱ्हाइकाकडे इतका वेळ बघत नाहीत. मग भानावर येऊन ती घाईघाईनं म्हणाली, दिव्याच्या उजेडात नीट कळत नाही.

"हो ना," तो लगेच म्हणाला. "मलाही तेच वाटलं. दिवसा येऊन बघायला हवं."

मग तो दिवसा आला. ऊन चढलेलं होतं, तर म्हणाला, ढगाळ असताना बघू. ढगाळ असताना आला, तर पाऊस पडून गेल्यावरचा उजेड त्याला हवा झाला. पाऊसही पडून गेला. दसरा उलटला तरी दोन्ही पट्टे भिंतीवर तसेच होते, आणि मल्हारराव त्यांच्यापुढे उभा राहून कॉफी पीत होता. अंबूताई पायरीवर जपमाळेचे मणी ओढत बसायच्या. त्यांना सगळं दिसत होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत, याची नोंद घ्यावी.

गप्पा कशाच्या, तर कशाच्याच नाहीत. नंजनगूडच्या गाडीत खिडकीसाठी भांडणाऱ्या बायका. कारखान्यातलं एक मशीन, जे साहेब आले की हमखास बंद पडतं. एका गिऱ्हाइकानं नवऱ्याच्या धोतराचा परकर शिवून मागितला ते. दोघांचंही मराठी तसं ठिगळांचं. तिला एखादा शब्द सापडला नाही की तो पुरवायचा, त्याला नाही सापडला की ती. दोघांनाही नाहीच सापडला तर कन्नड होतंच. कावेरी हसायची, आणि आपण घरात हसतोय हे तिचं तिलाच नवल वाटायचं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, भाजीवाल्यापासून पेंटरपर्यंत. मल्हाररावानं तिला एकदाही अक्का म्हटलं नाही. नावानंही हाक मारली नाही. नुसतं "अहो" म्हणायचा आणि थांबायचा.

ती त्याच्या प्रेमात पडली होती. आता सरळ गोष्टीला आडवळणं कशाला? पस्तिशीला आलेल्या, शहाण्यासुरत्या बाईला संध्याकाळ झाली की फाटकाच्या कडीचा आवाज ऐकू यायला लागला होता, कडी वाजलेली नसतानासुद्धा. तो गाडी गाठायला निघून गेला की ती दोन पेले विसळायची आणि घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं वाटायचं. पूर्वी निदान सवय तरी होती. आता सवयही मोडली आणि हातात काही आलं नाही, असं तिला वाटायचं.

आणि एक गोष्ट तिला टोचत होती. भाडेकरू पहिल्यांदा पाण्याचं विचारतो. मग किल्लीचं, मग कधी राहायला येऊ ते. मल्हाररावानं यातलं काहीच विचारलं नव्हतं. तो फक्त रंगाचं बोलायचा, आणि रंगाचंही ठरू द्यायचा नाही. याला खोली नकोच असेल तर? हा नुसता गाडीची वेळ होईपर्यंत बसायला जागा म्हणून येत असेल तर? असं मनात आलं की तिची सुई बोटात जायची.

मग तो यायचाच थांबला. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली, आठवडा सरत आला. फोन नाही, निरोप नाही. कावेरीनं दोनदा त्याचा नंबर काढला आणि दोनदा फोन बाजूला ठेवला. घरमालकिणीनं काय म्हणून विचारायचं? पिस्त्याचं काय झालं म्हणून? तेवढ्यात रंगनाथचा फोन आला. त्याच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी चुलतभाऊ खोली बघायला येणार होता. कावेरी ऐकत होती, आणि तिच्या तोंडून निघून गेलं की, खोली दिली. कुणाला, तर आहे एक. तिनं फोन ठेवला. दिली म्हटलंय तर दिलेली दिसली पाहिजे. तिनं पेंटरला बोलावलं.

पेंटर म्हणाला, अक्का, पिस्ता घ्या, मळत नाही. अंबूताई म्हणाल्या, भाड्याच्या खोलीला कसले लाड? कावेरीच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा होता, केतकीपुढे उभा असलेला. तिनं केतकी सांगितला.

इथं चूक झाली, आणि ती शिंप्याच्या मुलीच्याच हातून व्हावी अशी होती. खांद्यावर टाकलेला तुकडा माणसाचं तोंड खुलवतो, हे खरं. पण माणूस कापडाच्या आत राहत नाही. चारही भिंतींना केतकी लागला तेव्हा एक भिंत दुसरीवर पिवळा टाकायला लागली, दुसरी तिसरीवर, आणि छतही त्यात आलं. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं मात्र, खोली नुसती पेटली. फिकट म्हणून निवडलेला रंग हळदीसारखा दिसायला लागला. अंबूताई दारातून डोकावल्या आणि तिथंच थबकल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "नवरीची खोली केलीस की काय?"

कावेरीला धरणी दुभंगावी असं झालं. आपण काय करून बसलो, ते त्या भिंतींनी गल्लीला ओरडून सांगितलं होतं. तिनं खोलीला कुलूप घातलं आणि रात्री जेवलीही नाही.

रविवारी सकाळी वास जावा म्हणून तिनं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि जमिनीवर अंथरलेली वर्तमानपत्रं गोळा करायला बसली. फाटकाची कडी वाजली. आता आपल्याला भास होतात, हे तिनं मान्यच केलं होतं, म्हणून तिनं मान वर केली नाही. बाहेर अंबूताई कुणाला तरी म्हणत होत्या, आत आहे, जा. आणि मल्हारराव दारात उभा राहिला.

त्यानं भिंती पाहिल्या. एकेक करून चारही पाहिल्या. कावेरी उठली, हातातला कागदांचा गठ्ठा छातीशी धरून.

"मी... हेब्बाळला खोली घेतली," तो म्हणाला. "कंपनीच्या मागंच. कालपासून."

"बरं केलंत," ती म्हणाली. आवाज सरळ राहिला, याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटलं. "कंपनी जवळ पडेल." आणि ती पुन्हा खाली बसून कागद गोळा करायला लागली. एकाच कागदाची तिनं दोनदा घडी घातली.

"का घेतली, विचारणार नाही?"

"भाडेकरूला कारण विचारत नाहीत."

"मी भाडेकरू नाहीच आहे," तो म्हणाला. "तेच सांगायला आलोय. मला तुमच्या घरी भाड्यानं राहायचं नाही. इथं राहिलो असतो आणि मग तुम्हाला मागणी घातली असती, तर लोक काय म्हणाले असते? एकटी बाई, खोली दिली, भाडेकरू आत शिरला. मी गडीमाणूस, मला कोण काय म्हणणार. तुम्हाला या गल्लीत राहायचंय, त्या देवळात जाऊन बसायचंय. मला असं आडून आत नाही यायचं... अहो, ऐकताय ना?"

कावेरी ऐकत होती. मागणी हा शब्द तिच्यापाशी इतक्या उशिरा आला होता, की तो आपल्यासाठी आहे हे कळायला तिला वेळ लागला. तिनं कागद खाली ठेवले.

"आणि हा आठवडा?" तिनं विचारलं.

हा आठवडा आईपायी गेला होता. त्यानं नंजनगूडला आईला सगळं सांगितलं, आणि तेव्हापासून आई त्याच्याशी बोलत नव्हती. शिंप्याची मुलगी हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. वयही तिनं विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत, असं कावेरीनं घाबरून विचारलं, तर तो म्हणाला, खरं ते. कावेरीनं कपाळाला हात लावला. फोन का केला नाही, तर आईचं काही कळल्याशिवाय कुठल्या तोंडानं करणार होतो, असं त्याचं म्हणणं होतं.

"म्हणजे हो म्हणालेल्या नाहीत."

"नाहीत. कधी म्हणतील, सांगता येत नाही."

"आणि म्हणाल्याच नाहीत तर?"

बाहेर अंबूताईंच्या मण्यांचा आवाज थांबला होता.

"तर मी येत राहीन," तो म्हणाला. "दर रविवारी, उजेडात, समोरच्या दारानं. तुम्ही येऊ नका म्हणेपर्यंत."

एवढंच त्याच्यापाशी होतं. हे काही वचन नव्हे, हे कावेरीला कळत होतं. कदाचित म्हातारी कधीच वळायची नाही. कदाचित रंगनाथ उद्याच येऊन घराला टाळं लावायला सांगेल. भाडेकरू ठेवला असता तर निदान भिंतीपलीकडचा खोकला तरी हक्काचा झाला असता. यात हक्काचं काहीच नव्हतं. आठवड्याचे बाकीचे दिवस ती, मशीन आणि ही पिवळीधमक खोली. पुन्हा तेच एकटेपण, वर वाट बघणं.

"मला भाडेकरू नकोच होता," ती म्हणाली. बोलायला लागली तशी थांबता येईना. "मला संध्याकाळी कुणीतरी यायला हवं होतं. कुणीही चाललं असतं. मग तुम्ही यायला लागलात, आणि मग कुणीही चालेना. हा रंगसुद्धा मी खोलीला बघून नाही घेतला. तुमच्या तोंडाला बघून घेतला. सगळे हसतात. हसू देत."

त्यानं पुन्हा भिंती पाहिल्या. या खेपेला त्याला कळलं, आणि कळल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते तिनं डोळे भरून पाहून घेतलं. तो एक पाऊल पुढे आला, थांबला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "कावेरी..."

"काय गं," बाहेरून अंबूताईंनी आवाज दिला. त्यांचा धीर संपला होता. "ठरली का खोली?"

कावेरी उठली. पदर नीट केला आणि दारात जाऊन उभी राहिली. समोरच्या घरातल्या बाई रांगोळी काढायच्या थांबून इकडेच बघत होत्या. पेपर वाचणाऱ्या त्यांच्या नवऱ्यानंही पेपर खाली घेतला होता. ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "खोली नाही ठरली, अंबूताई. माझं ठरलं."

"अहो, आई अजून..." मागून मल्हारराव हळूच म्हणाला.

"ऐकलं मी," कावेरी म्हणाली. "तरी ठरलं."

अंबूताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे. मग गुडघ्यावर हात टेकून त्या पायरीच्या कडेला सरकल्या आणि दोघांना बसायला जागा केली.